खडान्‌खडा

मिस्टर इबट्सन येतात दर तिसऱ्या महिन्याला,
मंगळवारी, शेफील्डच्या चढणीवरची बस पकडून.
वय अठ्ठ्याऐंशी. साखर जुनी. काठी त्याहून जुनी.
मी पायांची डॉक्टर. असा वेगळा डॉक्टर असतो
हे नगरच्या आत्याला अजून पटलेलं नाही.
"म्हणजे नखं कापतेस?"
हो आत्या, नखंही कापते.

मोजे उतरवून पाय मांडीवर घेते.
थंड, निळसर, टाचा कोरड्या तळ्यासारख्या.
ते छताकडे बघत बोलत राहतात.

पंधराव्या वर्षी लागले पोलादाच्या कारखान्यात.
भट्टीपाशी नाही, शेजारच्या अंधाऱ्या खोलीत,
जिथे फरशीवर माती पसरलेली असे
कोकची पूड घालून भिजवलेली, आणि गार, इतकी गार
की जानेवारीत घोट्यांपर्यंत पाय आपले वाटत नसत.
ती अनवाणी तुडवायची.
चार तास. कधी पाच.
टाचेनं दाबायची, बोटांनी उलटायची,
पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून.

यंत्रं होती की तेव्हा, मी म्हटलं.
"यंत्राला खडा कळत नाही, पोरी."

मोहरीएवढा खडा,
हवेचा एखादा बुडबुडा मातीत राहून गेला
की भट्टीत मूस तडकणार,
पंचवीस किलो पोलाद पाण्यासारखं राखेत जाणार
आणि मागोमाग मुकादमाच्या शिव्या.
धड मूससुद्धा एकच दिवस जगायची,
तीनदा ओतलं की उकिरड्यावर.
म्हणून रोज नव्या मुशी, रोज माती, रोज पाय.
"तळवे खडान्‌खडा ओळखायचे," ते म्हणाले,
म्हणजे त्यांच्या भाषेत काहीतरी वेगळंच म्हणाले,
मला ऐकू आलं ते असं.

नदीकाठच्या संग्रहालयात मी पाटी वाचली आहे.
एका घड्याळजीला हवी होती न तुटणारी स्प्रिंग,
म्हणून पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्यानं
लोखंड मुशीत वितळवून पाहिलं.
पुढे त्यातूनच वस्तरे, करवती, छिन्न्या,
सगळ्या जगाच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या.
पाटीवर घड्याळजी आहे, साल आहे,
भट्टीचं तापमान आहे.

मी सांगणार होते त्यांना:
आमच्या दख्खनेत मुशीतलं पोलाद
त्याच्या कितीतरी शतकं आधी होतं,
तलवारी व्हायला समुद्रापार जायचं.
वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.
पण हातात त्यांचा पाय होता.
आणि वाटलं, तिकडेही कुणीतरी
मळलीच असेल माती.
त्याची तरी कुठे आहे पाटी.

मग नेहमीची तपासणी.
नायलॉनचा एक धागा, बोटाएवढा,
दहा ग्रॅमचा भार पडला की वाकणारा.
डोळे मिटा. कळलं की 'हो' म्हणा.
अंगठा.
करंगळीचं मूळ.
चवडा, उजवा, मग डावा.
धागा वाकत होता, सरळ होत होता.
बाहेर कुणीतरी कॉफीच्या यंत्राला थापटत होतं.
दहाही जागा झाल्या, मी कागदावर दहा फुल्या मारल्या,
तेव्हा ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले,
"कर की आता सुरुवात."

बूट घालायच्या आधी झाडून घ्यायचे, रोज,
मी सांगते, सगळ्यांनाच सांगते,
आणि दाखवायला म्हणून त्यांचा उजवा बूट उलटा धरला.
टक्कन काहीतरी फरशीवर पडलं.
बसथांब्यापासून, की सकाळपासून, की कालपासून
ते त्याच्यावरून चालत होते कोण जाणे.
मोहरीएवढा नव्हे, चांगला हरभऱ्याएवढा.

त्यांनी तो मागून घेतला.
तळहातावर ठेवला, अंगठ्यानं फिरवला,
चष्मा वर सरकवून खिडकीच्या उजेडात धरला.
"हा राहिला असता,
तर मूस गेली असती," म्हणाले,
आणि कोटाच्या खिशात टाकला.

पुढची तारीख मी ऑगस्टमधली दिली.
मंगळवारच.