सूर्यास्तापर्यंत

आमच्या स्टेशनला परवाना होता फक्त दिवसाचा.
सूर्य बुडाला की गप्प बसायचं,
कारण रात्री आमचा आवाज आभाळाला आपटून
शिकागोच्या कुठल्याशा मोठ्या स्टेशनच्या ताटात पडतो, म्हणे.
डिसेंबरात सूर्य पाचलाच बुडे.
शाळेचा शनिवारचा सामना ऐन रंगात,
ओटो ब्रेख्टेल घसा फाटेस्तोवर ओरडतोय, चेंडू हवेत,
आणि मी बटण बंद करायचे.
नेब्रास्काच्या त्या सपाटीवर
कित्येक घरांत तो चेंडू अजून खाली आलेला नाही.

मी सतराव्या वर्षी लागले. हजेरीच्या वहीत सही: अल्विना प्रोहास्का.
सकाळी आधी मक्याचा भाव, मग डुकरांचा,
मग गावात कोण गेलं त्यांची नावं,
मागे ऑर्गनची तबकडी, हळू वेगात.
एकदा वेग बदलायचा राहिला
आणि म्हातारा व्हात्स्लाव कूबिक
जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा स्वर्गात गेला.
त्याची बायको रागावली नाही.
म्हणाली, जन्मभर रेंगाळतच चालला, बरं झालं.

रविवारी पोल्का.
अकॉर्डियनवाले चौघे भाऊ स्टुडिओत मावत नसत.
चौथा दाराबाहेर उभा राहून वाजवी,
त्यामुळे तो एकटाच नेहमी
जुन्या देशातून वाजवतोय असं वाटे.

मग मालकाचा जावई आला, लांब कल्ल्यांचा.
पोल्का गेला, पोरांची गाणी आली.
पाद्र्यांची पत्रं आली. डुकरं तेवढी टिकली.
मग बायको सोडून गेलेले गिटारवाले आले, ट्रकसकट.
मग दंतवैद्याकडे वाजतं तसलं मऊमऊ काहीतरी.
दर वेळी पाटी रंगवायला लेस्टर यायचा.
जुनं नाव खरवडत नसे, वरूनच हात फिरवी.
दुपारच्या तिरप्या उन्हात
चारही नावं एकदम दिसायची,
एकमेकांच्या अंगावरून चाललेली.

त्यानंतर उपग्रहावरून संतापलेली माणसं उतरू लागली,
टेक्सासातून, दिवसभर.
आमच्याकडे कुणी कुणावर इतकं चिडलेलं नव्हतं.
वर्षभरात शिकले सगळे.
भाव फोनवर गेले, मेलेल्यांची नावंही.
मला निरोपाचा केक दिला.
त्यावर अल्मिरा लिहिलं होतं.
चांगला होता. लिंबाचा.

आता त्यांना रात्रीचीही परवानगी आहे. चोवीस तास.
खोलीत एक यंत्र, त्याचा पंखा,
आणि खुंटीवर ओटोची टोपी, जी कुणाचीच नाही म्हणून कुणी काढत नाही.
झोप आली नाही की मी गाडी काढते,
मनोऱ्याच्या लाल दिव्यापर्यंत जाते, रेडिओ लावते.
कुणीतरी कुठल्या तरी शहरात महिन्यापूर्वी बोलून ठेवलेलं असतं:
काय सुंदर सकाळ आहे!
बाहेर अंधार, कापलेल्या मक्याचे खुंट, बर्फ.

पण कायदा आहे, दर तासाला स्टेशनचं नाव सांगावंच लागतं.
नवं रेकॉर्डिंग करायचा खर्च त्यांनी वाचवला.
म्हणून बाराच्या ठोक्याला
तिशीतली एक बाई, नाक जरा चोंदलेलं,
चार अक्षरं सांगते आणि गावाचं नाव.
खरंच सर्दी होती त्या दिवशी.
मी म्हटलं होतं, सोमवारी पुन्हा करू.

सूर्य बुडून सात तास झालेत.
सवयीने हात बटणाकडे जातो.
लागतं ते हीटरचं.
तेवढं थोडं वाढवते.