बंद दिसलं पाहिजे

गंजगोलाईपासून तिसऱ्या गल्लीत माझं वाइंडिंगचं दुकान.
पाणबुड्या मोटारी, मिक्सर, उन्हाळ्यात कूलर,
आणि त्या दिवशी मन्मथ,
बगलेत चार चाकांची फळी घेऊन.
नीटचा रिपीटर. खोली औसा रोडला, घर अहमदपूरकडं.
"मामा, ह्याला बटन कोणतं लावू?"

फळीच्या पोटात दहा सेल, एकामागं एक,
पुरते भरले की बेचाळीस व्होल्ट.
मला हसू आलं.
तीस वर्षं मी चारशे चाळीसच्या शेजारी बसून भाकरी खातोय.
बरणीतला एक रॉकर काढून दिला:
अडीचशे व्होल्ट, सोळा अँपिअर, पंचेचाळीस रुपये.
वर म्हणालो, जा, आता जन्मभर बघायला नको.

आठव्या दिवशी आला, कोपर सोललेलं.
बटन बंद केलं होतं, मामा.
रिमोट खिशात दाबला गेला
अन् फळी एकटीच पळाली
कचोरीच्या गाड्याखाली. मी तिच्यामागं.

रॉकर फोडून बघितला.
आतले दोन ठिपके वितळून एक झालेले,
बाहेरची पट्टी मात्र शून्यावर,
साक्षीदारासारखी साळसूद.

मग मला ते आठवलं, जे मला ठाऊकच होतं.
घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर टेकते,
तेवढ्यात ठिणगी विझते.
बॅटरीची टेकत नाही.
ती आमच्या थोरल्या चुलत्यासारखी,
बोलायला लागली की मधे श्वास नाही,
तोडायचं तर कुठं तोडणार?
आणि जोडताना कंट्रोलरचे कपॅसिटर उपाशी,
पहिला घास असा घेतात की तोंड भाजतं.
पाठीमागं बारीक अक्षरात एसी लिहिलं होतं.
चष्मा माझ्या कपाळावर होता.

त्यानं मोबाईलवर दुसरं दाखवलं,
निळ्या कड्याचं, दाबलं की उजळणारं, अठराशेचं.
म्हटलं, किंमत राहू दे,
हे मरतं कोणत्या बाजूला ते वाच.
पायरीवर बसून त्यानं अर्धा तास वाचलं.
"बहुतेक चालूच्या बाजूला, मामा."

भीमाशंकर, माझा भागीदार, तवर गप्प होता.
निलंग्याकडची एक विहीर, दोन हजार तीन साल.
स्टार्टरचा दांडा खाली होता.
खालीच होता, मी स्वतः बघितला होता.
आता तो गिऱ्हाईकाचा हिशोब आठ बोटांवर करतो.
एवढंच म्हणाला:
"लेकरा, बंद दिसलं पाहिजे."

म्हणून मग बटनच नाही.
फळीच्या कडेला खोबण, तिच्यात जाड पिवळा प्लग,
त्याच्या पाठीवर बोटभर तारेचा वळसा.
आत एक चिमुकला रेझिस्टर, पहिला घास हळू भरवायला.
घातला की चालू.
उपसला की भोकातून नुसती हवा.
चालत्या फळीवरून उपसायचा नाही, हे तीनदा सांगितलं.
झाळ मी मारली. तार दोघांनी ओढून बघितली,
मग भीमाशंकरनं, मग पुन्हा मी.

मार्चमध्ये तो वळसा माझ्या हातात देऊन गेला.
"पेपर होईस्तोवर तुमच्याकडं."
बसवेश्वरांच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला लटकतो,
दुकानाच्या किल्लीबरोबर.
भीमाशंकर दिवसातून एकदा उतरवतो,
अंगठ्यानं फिरवतो, परत लावतो.
काय बघतो, मी विचारत नाही.

काल रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली असताना,
मन्मथ वाकून आत आला.
"फक्त दहा मिनिटं, मामा. रिंग रोड मोकळा आहे."
मी तोंड उघडलं, अभ्यासाबद्दल काही म्हणणार होतो.
भीमाशंकर खिळ्यापाशी पोचला होता.