उणे तेवीस

गाडी वळायची मी वळवण्याआधी.
म्हणजे स्टिअरिंग धरून मी अजून विचारच करतोय
आणि मागची चाकं
आपलं आपण ठरवून मोकळी.
हिल्का म्हणाली, तुझं वय झालं.
ऊर्पो म्हणाला, टायर.
मी गाडी जॅकवर चढवली, पाठीवर सरपटत खाली शिरलो,
मागच्या आर्मपाशी पहार घालून जरा उचकलं
तर बुशचं रबर तोंड वासून हसलं.

एकोणतीस वर्षं.
आमच्या लग्नाहून तीन वर्षांनी मोठं ते रबर.
प्रत्येक खड्डा त्यानं अंगावर घेतला
आणि मला कळू दिला नाही.
मी आपला लोकांना सांगत राहिलो,
केउरूचे रस्ते काय सुरेख आहेत.

मग कापणं आलं.
रबर ड्रिलनं पोखरलं, वास तीन दिवस बोटांना.
बाहेरची पोलादी बांगडी मात्र
मेली तरी जागा सोडेना.
हॅकसॉचं पातं आतून घालायचं,
केसाएवढं, केसाएवढं,
बांगडी चिरली पाहिजे, आर्मला ओरखडा नको.
केर्टू टॉर्च धरून होती, सोळा वर्षांची, जांभया देत.
तिला म्हटलं, डोळ्यांनी नको, कानांनी बघ.
आवाज बदलला की सांग.
"बदलला," ती म्हणाली,
दोन सेकंद उशिरा.
तो ओरखडा अजून आहे. तिथं मी बोट फिरवतो कधीकधी.

नवं बेअरिंग: पोलादी वाटीत पोलादी गोटी,
मधे कापडासारखं पातळ अस्तर,
रबर नावालाही नाही.
दुकानदारानं फोनवर बजावलं होतं,
हे काही गिळत नाही. ऐकावं लागेल.

ते भोकाहून जाड, केसाच्याही निम्म्यानं.
प्रेस ऊर्पोकडे आहे,
पण ऊर्पोकडे जायचं म्हणजे टायरपुराण आलं.
तेव्हा बेअरिंग रात्रभर अंगणात, बर्फात पुरून ठेवलं.
थर्मामीटर उणे तेवीस.
आणि आर्म घासूनपुसून साउनात नेला,
वरच्या बाकावर टॉवेल अंथरून,
सासरे बसायचे त्या जागी.
शनिवार होता. घरादाराची अंघोळ खोळंबली.
हिल्कानं दार उघडलं, पाहिलं,
"दगडांवर पाणी मारू का पाहुण्यांसाठी?"
आणि दार लावून घेतलं.

नव्वद अंश.
केर्टू बर्फातून धावत आली, ओंजळीतल्या लोकरी मोज्यांत
ती थंडगार गोटी.
मी आर्म चामडी हातमोज्यांत तोलून धरला.
हातोडी लागलीच नाही.
घरचं माणूस अंधारात, दिवा न लावता
आपल्या खोलीत जातं,
तसं ते आत गेलं.
आम्ही दोघं बघत राहिलो. मग भोक आवळत गेलं
आणि मी हलवून पाहिलं तर
जणू ते कधी वेगळं नव्हतंच.

दुसऱ्या बाजूचं तिरकं बसलं.
अर्ध्यात अडकलं, ना आत ना बाहेर.
शेवटी ऊर्पोची प्रेस आणली,
टायरपुराणासकट.

एप्रिलात रस्ता उघडा पडला.
लाकूडगिरणीच्या वळणावर मी गाडी वळवली
आणि ती तेव्हाच वळली,
आधी नाही, नंतर नाही.
मी एवढा खूश झालो की पुढचा फाटा चुकलो.
पण हिवाळ्यात पेरलेल्या खडीचा दाणा न् दाणा,
पुलाचा प्रत्येक सांधा
थेट मणक्यात.
हिल्का डॅशबोर्ड धरून बसलेली.
"दात खुळखुळतायत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं,
"इथं डांबराला ठिगळ आहे?"
आहे.
"कधीपासून?"
मला माहीत नव्हतं.

परतताना रेडिओ तिनंच बंद केला
आणि बोटांवर मोजत आली.
अकरा.
घराच्या फाटकाशी एक सोडून.