तरवड

पाणी किती मारायचं हे कुणी सांगत नाही.
स्पंज फिरवायचा आणि थांबायचं.
कातडं आधी काळवंडतं,
मग कडांकडून त्याचा रंग परत यायला लागतो.
तेव्हा उचलून गालाला लावायचं.
गार लागलं, ओलं नाही लागलं,
की सुरी घ्यायची.
सोलापूरच्या एप्रिलात ही वेळ
बशीतला चहा निवण्याइतकीच.
रेवणसिद्ध मामा म्हणायचा,
उशीर केलीस की चामडं जातंय,
कडक भाकरी उरतीय बघ.

ठसे त्याच्याच हातचे.
गिरणी बंद पडली तेव्हा भंगारातल्या चात्या
किलोवर आणून त्यानं कानशीनं घासल्या:
एकीच्या टोकाला पाकळीचं वळण,
एकीला पानाची शीर,
एकीला नुसती खसखस,
फुलामागची जागा दाबायला.
फूल आपण वर काढत नसतो, तो सांगायचा,
आजूबाजूचं खाली बसवतो.
ते बिचारं होतं तिथंच असतंय.

शहाबादी फरशीवर चिंचेची मोगरी पडते.
भिंतीपलीकडं येमुलांचा माग.
त्याची खटखट आणि माझी टकटक जुळली
की दुपार कशी गेली कळत नाही.

ऑर्डर पुण्याची. चाळीस पर्स,
लग्नातल्या मानाच्या बायकांना द्यायच्या.
फोनवर गुलाबाचा फोटो आला,
पाकळीवरच्या दवाच्या थेंबांसकट.
सेम असाच पाहिजे हं, ताई.
दिला सेम.
आठवडाभर गुलाब, गुलाब, गुलाब.
आमच्या गल्लीत गुलाब फक्त
हार विकणाऱ्या शकुबाईच्या पाटीत,
तोही सकाळी दहापर्यंत.

मामा आता उंबऱ्याशी बसतो.
हात थरथरतो म्हणून सुरीला शिवत नाही.
एक तुकडा मागून घेतला, नाकाशी धरला.
तरवडाचं हाय, म्हणाला. मशिनीतलं नव्हं.
मग बराच वेळ गप्प.

होटगी रस्त्याला, रुळांच्या कडेनं
तरवड पिवळाधमक फुलतो.
शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत.
त्याची साल सोलून, कुटून, कुंडात भिजवून
मामाच्या बापाची नखं जन्मभर तांबडी राहिली.
नळावर बायका घागर उचलून
चार पावलं लांब सरकायच्या, वास येतो म्हणून.
परवा दुकानात एक बाई आली.
पर्स उघडून तिनं आत नाक घातलं,
डोळे मिटले,
आहा, म्हणाली, अस्सल.
तोच वास.

चाळिसाव्या पर्सवर सुरी लावली
आणि वीज गेली.
माग थांबला. हात मात्र थांबला नाही.
गुलाबाच्या मधोमध एक चीर, लांब, वाकडी.
कातड्यावर खोडरबर चालत नाही.
मी चीर तशीच ठेवून बघत बसले.
बघता बघता ती आकड्यासारखी वळलेली केसर दिसली.
मग तिच्या शेजारी आणखी दोन ओढल्या,
पाच पाकळ्या, जरा चुरगळलेल्या,
खाली चपटी शेंग.

अंधारातच मामाकडं दिली.
त्यानं अंगठा फिरवला,
शेंगेवर आला तसा हसला.
हे कशाला काढलीस गं, येडे,
हे कोण घेणार?

चाळिसांत कुठंतरी मध्ये घालून
पार्सल स्टँडवर देऊन आले.

चौथ्या दिवशी फोन.
ताई, एक पीस वेगळा निघाला.
हो, म्हटलं.
त्याचे पैसे कापू ना?
कापा.

पलीकडं कुणीतरी विचारत होतं,
पण हे फूल कुठलं?
तेवढ्यात फोन कट झाला.
मी स्पंज पिळून घेतला,
नवं कातडं गालाला लावलं.
अजून ओलं होतं.