रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून
माझा साठ टनी काटा.
गाडी आधी रिकामी घेते, मग केळी भरून,
मोठ्यातून लहान वजा,
उरतो तो माल.
अठरा वर्षं हीच एक वजाबाकी.

नाशिकला मला टेबलावर घेतलं
तेव्हा माझी गाडी एकशे सव्वीस भरली होती.
पोटाची मूठभर पिशवी केली, आतड्याचा रस्ता वळवला.
डॉक्टर म्हणाले, जेवण कमी, गोळ्या जन्मभर.
मी ‘कमी’ तेवढं ऐकलं.

जन्मभर म्हणजे असं:
सकाळी कॅल्शियम,
दुपारी लोह, लिंबू पिळून, आणि मग तासभर चहा नाही.
दोघांना एका वेळी आत सोडायचं नाही.
बांधावरून भांडलेले चुलतभाऊ ते,
एका फाटकाशी आले
तर दोघंही बाहेरच राहतात.

रविवारी डी, दुधातून.
मे महिन्यात इथे कुत्रीसुद्धा
ट्रकच्या सावलीबरोबर सरकत जातात,
आणि माझ्या रिपोर्टात उन्हाची कमतरता!
मेडिकलवाले झोपे म्हणाले,
ताई, एवढं ऊन वाया चाललंय
आणि तुम्ही पाकिटातून विकत घेता.

दुसऱ्या वर्षी मी सत्तरवर आले.
भंगाळ्यांच्या मळ्यात भरीत होतं,
कपाशीच्या काड्यांचा धूर, हिरवी वांगी,
कळण्याची भाकरी.
मी चार घास घेतले, एकेक चावून चावून,
तोवर पंगत उठलीसुद्धा.
द्वारकाकाकू म्हणाली, काहाले उपाशी मरते वं?
पण सगळे माझ्याकडे बघत होते
आणि मला ते आवडत होतं.

औषध आजाऱ्यानं घ्यावं.
मी कुठे आजारी?
डबा फ्रिजवर गेला,
फ्रिजवरून पिठाच्या डब्यामागे.

आठ महिने.
आधी केस गेले, न्हाणीच्या जाळीवर रोज एक काळी चुंबळ.
मग पावत्यांवरचे आकडे अडखळू लागले,
सातच्या जागी एक.
मग पायांत मुंग्या.
बसून बसून येतात, म्हटलं मी.

एका दुपारी, चाक काट्याबाहेर राहिलं का बघायला
खाली उतरले.
चप्पल कुठे सुटली कळलं नाही.
तापलेल्या लोखंडावर अनवाणी उभी होते
आणि पाय गप्प.
इंदूरचा ड्रायव्हर केबिनमधून ओरडला,
दीदी, पैर!
मी खाली बघितलं
तर ते दुसऱ्या कुणाचे तरी भाजत होते.

बी-बारा, डॉक्टर म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत.
मी आपली हायवेवर विचार करत आले:
बायपास निघाला की जुन्या गावातल्या हॉटेलांवर
कोण थांबतं?
भाकरी, दूध, भाजी,
सगळं माझ्या बाहेरून निघून जात होतं
हॉर्नसुद्धा न देता.

आता मंदाकिनी सिस्टर सुई देते,
आतलं औषध लालसर, पातळ सरबतासारखं.
डबा पावतीपुस्तकांच्या खणात आहे.
मोबाइल वाजतो, मी गाडी थांबवते.
नेहमीचे ड्रायव्हर ओळखतात,
आणि वाजला नाही तर तेच म्हणतात,
ताई, गोळी राहिली.
चिडते मी कधी कधी.
जन्मभर हा शब्द मोठाच आहे,
नवऱ्याच्या वेळीसुद्धा मी तो नीट वाचला नव्हता.

शेवटची गाडी गेली की
एकटी काट्यावर उभी राहते.
हा वीस-वीसच्या पायरीनं मोजतो.
साठ दाखवतो, जरा हलले की ऐंशी.
मधली मी त्याला दिसत नाही,
आणि हातातली गोळी तर नाहीच नाही.

चप्पल काढते.
उजवी करंगळी अजून परतलेली नाही,
बाकीची सगळी आलीत.
लोखंड दुपारचं अजून कोमट आहे.