शोधकांचा रकाना

आयपी सेल म्हणजे कुणी मोठं प्रकरण समजू नये.
भोसरीला, एमआयडीसीत, कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून
एक कपाट, एक मी, आणि एक पंखा
जो दोनवर फिरत नाही, तीनवर उडू पाहतो.
कपाटात कंपनीची अक्कल असते, तारीखवार.
किल्ली माझ्या पर्समध्ये, डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी.

दाराबाहेर सूचनांची पेटी.
तीन वर्षांत तिच्यातून निघालं ते असं:
गुटख्याच्या पुड्या, निगडीच्या बसचं तिकीट,
एकदा नुसतंच "पगार".
त्याआधी भरायची ती.
त्याआधी मोझेस साळव्यांनी
इंपेलरचं एक पातं उलटं वाकवून दाखवलं होतं,
आणि अर्जावर नाव लागलं डिझाइनच्या साहेबांचं.
साळवे भांडले नाहीत. हात धुतले, कार्ड पंच केलं.
दुसऱ्या दिवसापासून सांगितलं तेवढंच काम,
मायक्रॉनसुद्धा जास्त नाही.
ती फाइल मीच लावली होती.
भोकं पाडून, दोरा ओवून, नीट.

यंदा सील गळत होतं.
अकरा बारला एक थेंब.
नचिकेत ओगल्यांनी चार ड्रॉइंगं काढली, चारही देखणी,
चारही गळली.
पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
फरीद आत्तार दमयंतीबाईंच्या डब्याकडे बघत राहिला.
त्या आळंदीहून येतात, बसमध्ये उभ्याने,
आमटीच्या झाकणाखाली सुताचा एक फेरा देऊन, तिरका.
"सरळ दिला तर सुटतो," त्या म्हणाल्या,
"तिरका दिला की जेवढं हिंदकळेल तेवढा आवळतो."
फरीदने हातातला घास परत डब्यात ठेवला.
लेथवर तिरकी खाच पाडली, अंदाजाने.
ओगल्यांनी तो अंदाज मोजला: साडेसहा अंश.
बेंच कोरडा.
फरीदने बोट फिरवून पाहिलं. मग रुमालाने बोट पुसून
परत फिरवून पाहिलं.

आता अर्ज. शोधकांचा रकाना.
वरून निरोप: एकच नाव पुरे, सुटसुटीत दिसतं.
मी रकाना रिकामा ठेवून फाइल परत पाठवली.
तीन वेळा.
चौथ्यांदा साहेब स्वतः आले, पंख्याखाली उभे राहिले,
म्हणाले, आता काय डब्याला पेटंट द्यायचं?
मी म्हटलं, डब्याला नाही.
एवढंच म्हटलं. घसा सुकला होता.
धैर्याबिर्याचं काही नव्हतं त्यात,
मला फक्त साळव्यांचे धुतलेले हात दिसत होते.

सहीला दमयंतीबाई आल्या, पदराला हात पुसत.
"हे माझं होणार?"
नाही, कंपनीचं.
"मग माझं काय?"
नाव.
"नाव आधीपासून माझंच आहे की."
यावर कायद्यात कलम नाही.
कंपनीने तिघांना एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं.
त्यात सेल नव्हता.

सही त्यांनी सावकाश केली, जीभ दातांत धरून.
मग ओगल्यांच्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं:
"इथं कड टोकदार ठेवलीत. सूत काचेल.
जरा गोल करा."
ओगल्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं,
आणि खोडरबर मागितला.
अर्ज आणखी आठ दिवस लांबला.

काल संध्याकाळी पेटी उघडली, सवयीने.
पुड्या होत्याच.
खाली चौकोनी घडी घातलेला, ग्रीसचा डाग पडलेला कागद:
"बेंच 7 ला बेअरिंगचा आवाज बदललाय.
एक युक्ती आहे. येऊन बघा. घाई नाही."
खाली नाव नव्हतं.
पण सातच्या पोटात आडवी रेघ मारणारा
अख्ख्या शॉपमध्ये एकच माणूस आहे.

मी रजिस्टर काढलं, तारीख घातली,
शेजारी वेळही: पाच वाजून बावीस मिनिटं.
नावाच्या जागी पेन्सिलने एक टिंब दिलं
आणि कपाटाला कुलूप न लावताच
बेंचकडे निघाले.