चाळीसातल्या अकरा

इस्पुर्ली मागं पडली तेव्हा काटा अर्ध्यावर होता.
पुढच्या चढाला तो उठला
आणि लाल पट्टीला टेकून राहिला,
उशिरा आलेलं पोर वर्गाच्या दाराला टेकतं तसा.
बॉनेटच्या फटीतून वाफ.
अठरा वर्षं मी नववीला उष्णता शिकवते,
तरी हात गेलाच टोपणाकडे.

"हात लावू नगा मॅडम!"
गुऱ्हाळातून ओरडत आला गुळव्या,
कोपरापर्यंत मळी.
"काहिलीला तोंड हाय, उतू जाती नि मोकळी होती.
हिची वाफ कोंडलीया. गार हुंद्या आधी."
चुलवाणाच्या उबेला बसून राहिले.
तो उकळीकडं बघत होता, मी घड्याळाकडं.
पहिला तास बुडाला, मग दुसरा.
निघताना त्यानं कळशीभर पाणी ओतलं
आणि पैसे विचारले तर
हातावर गुळाचा खडा ठेवला.

मग सल्ले.
दीर म्हणाले, विकून टाका.
शोरूममधला पोरगा गाडीकडं न बघताच म्हणाला,
नवीन बसवा, चार हजार दोनशे, फिटिंग वेगळं.
बुगडे सर म्हणाले, चमचाभर हळद टाका पाण्यात,
गळती थांबते.
हसले. घरी येऊन टाकली.
दोन दिवस थांबली.

उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीत,
दस्तगीर शिकलगारांनी रेडिएटर उतरवला,
तोंडांना बूच मारून हौदात बुडवला
आणि हवा सोडली.
एका जागेवरून बुडबुडे,
घाई नसल्यासारखे.
"बोअरचं पाणी घालता?"
खाली बघून हो म्हटलं.
"आठशेत करून देतो. डाग मारला की झालं."

मग वरची टाकी सोडवली
आणि बोट फिरवलं पितळेवरून.
"पण हे बघा. ही बंद. ही बंद. ही पण.
गळकी नळी आम्ही बरी करत नाही मॅडम.
दोन्ही टोकांना चेपतो, वर डाग.
पाणी तिकडं जायचंच थांबतं,
गळायचा प्रश्न मिटला.
चाळीसातल्या अकरा मारल्यात आधीच.
चार माझ्याच हातच्या."
"आणि ही बारावी?"
"मारली तर गळणार नाही.
तापेल मात्र."

मी हौदाकडं बघत राहिले.
बहिणीशी मी आईच्या शेवटच्या महिन्याविषयी बोलत नाही,
आणि त्यामुळं दिवाळीविषयी,
आणि त्यामुळं आता फोनवर फक्त
पाऊस आहे का तिकडं.
कुठंच काही गळत नाही.

"तुमचा हात काय म्हणतो?" मी विचारलं.
"हात म्हणतो मार.
पितळेचं काम आता आणतंय कोण?
सगळं प्लास्टिक, फुटलं की फेक."
बाहीनं कपाळ पुसलं त्यांनी.
"पण तुम्ही रोज गारगोटी करता. नवीन घ्या."
आणि स्वतःच्या आठशेवर पाणी सोडून
समोरच्या दुकानात मला घेऊन गेले,
दोनशे कमी करायला भांडलेसुद्धा.

जुन्याचं वजन झालं, साडेचार किलो.
मोडीत दिलं तर अठराशे.
मी तो डिकीत ठेवला.
"शोभेला?"
"शाळेला."

सोमवारी टेबलावर मांडला.
पोरांनी एकेका नळीत
ड्रॉपरनं पाणी सोडलं.
बारावीतून टेबल ओलं झालं, वह्या उचलल्या,
हसाहशी.
श्रेयसी गुरव मात्र मोजत राहिली,
बोटांवर, मग पेन्सिलीनं.
"मॅडम, ह्या अकरा बंद का ठेवल्यात?"

खिडकीतून गाडी दिसत होती,
टोपणावर तळहात ठेवावा इतकी गार.
फळ्यावर मी तारीख लिहिली,
पुढं काही सुचलं नाही.
खडू खाली ठेवला.
"सांगते," म्हटलं,
आणि स्टूल ओढून बसले.